चांदवडच्या कुंपणावरची खरपुडी

आधीच सांगून टाकतो, उगाच कुणी शेवटपर्यंत आशेवर राहायला नको: वनस्पती नवीन निघाली नाही.

भाचीचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "मामा, तुझा व्हर्निअर आहे ना अजून? आणि ती रोट्रिंगची पेनं?" व्हर्निअर म्हणजे बारीक मापं घ्यायचा चिमटा, रोट्रिंग म्हणजे आखणीची पेनं. मी भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. पंप, व्हॉल्व्ह, फ्लँज यांची ड्रॉइंग काढण्यात जन्म गेला. फुलापानांतलं म्हणाल तर जास्वंद आणि गुलाब, पुढे मजल नाही. भाची वनस्पतिशास्त्र शिकवते, पण तिचाही खरा विषय गवतं. तिच्या कॉलेजातला एक मित्र आता चांदवडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्या गुरुजींनी तिला फोटो पाठवला होता: काट्याकुट्यांच्या कुंपणावर चढलेली नाजूक वेल, गवताच्या पात्यासारखी पानं आणि इवल्या कंदिलासारखं एक फूल.

"खरपुडीच्या गोतातली आहे हे नक्की, म्हणजे सेरोपेजिया," ती म्हणाली. "त्यातली बहुतेक बल्बोसा ही जाती असेल. पण बल्बोसाच्या पाकळ्या जांभळट असतात, ही अख्खी हिरवी दिसतेय. जाऊन बघू या. नवीन निघाली तर चित्र लागेल, आणि चित्रकार मला परवडत नाही."

मी फुकट. निघालो.

शुक्रवार: पुणे ते नाशिक

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नारायणगावला चहा घेतला, सिन्नरच्या आधी पावसाने गाठलं. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला मायक्रोस्कोप होता. प्रत्येक गतिरोधकाला भाची मान वळवून त्याच्याकडे बघायची, माझ्याकडे नाही.

जुन्नरचे डोंगर डाव्या हाताला दिसायला लागले तशी तिची गाडी सुटली. शिंदळ माकुडी नावाची मांसल वनस्पती 1860 च्या दशकात डाल्झेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने याच भागातून जगापुढे आणली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. ती पहिल्यांदा मिळाली ती जुन्नरजवळ. खरपुडीची ही चुलत बहीणच, आणि आता तर काही तज्ज्ञ तिला सेरोपेजियातच घालतात. "म्हणजे नाव दिलं की काम संपलं असं नाही," मी म्हटलं. "नाव दिल्यावर तर भांडणं सुरू होतात," ती म्हणाली.

नवीन जाती जाहीर कशी करतात, हे मला सिन्नरच्या पावसात कळलं. नाव लागतं. जवळच्या भावंडांपेक्षा ही वेगळी कशात, हे मोजक्या शब्दांत लिहावं लागतं. हा मजकूर कित्येक दशकं लॅटिनमध्येच लागायचा, 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीतही चालतो. आणि एक वाळवलेला नमुना लागतो, होलोटाइप. तो मान्यताप्राप्त संग्रहालयात कायमचा जमा करायचा आणि हे सगळं रीतसर प्रसिद्ध करायचं.

"म्हणजे आमची मास्टर कॉपी," मी म्हटलं. "बाकीचे पीस तिच्याशी ताडून बघायचे."

"अर्धं बरोबर. मास्टर कॉपीसारखेच बाकीचे पीस निघावेत असं तुम्हाला वाटतं. आमचा टाइप म्हणजे नुसता खिळा, ज्याला नाव अडकवलंय. तो त्या जातीतला सरासरी नमुना असेलच असं नाही. एखादा खुजा, वाकडाही असतो."

चौतीस वर्षांच्या नोकरीत असली मास्टर कॉपी कुणी पुढ्यात ठेवली असती तर मी राजीनामा दिला असता.

शनिवार: अंजनेरी

खरं तर अंजनेरी वाटेत नव्हती. पण भाची म्हणाली, खरपुडी बघायला निघालोय आणि अंजनेरीला न जाता पुढे गेलो तर पाप लागेल. कारण सेरोपेजिया अंजनेरिका. मालपुरे, कांबळे आणि यादव या अभ्यासकांनी 2006 मध्ये या डोंगरावरूनच तिचं वर्णन केलं आणि डोंगराचं नावच तिला दिलं. पुढे 2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झाली, त्यातही या छोट्या रोपाचा वाटा आहे.

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर गाव. तिथून वर वनखात्याच्या नाक्यापर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या. आम्ही सकाळी साडेसातला नाक्यावर होतो आणि तरी उशीर झाला होता. शनिवार, त्यात श्रावण, त्यात हनुमानाचं जन्मस्थान. पायऱ्यांवर मुंबईचे ट्रेकर, त्र्यंबकचे भाविक आणि दोघांवर लक्ष ठेवून असलेली माकडं. जैन लेण्यांपाशी मी पाठीवरची पिशवी नीट करायला काढली आणि एका ढालगज माकडिणीने तिच्या बाजूच्या खिशातून चिक्कीचं पाकीट काढून घेतलं. काढून घेतलं म्हणजे चेन उघडून.

वर पठारावर पोचलो तेव्हा धुकं इतकं की अंजनीमातेचं देऊळ आधी घंटेवरून कळलं, मग दिसलं. पायाशी मात्र सगळं स्पष्ट होतं. कवल्याची पिवळी फुलं, आभाळीचे निळे ठिपके, ओल्या कातळावर सीतेची आसवं. भाची गवतांपाशी अडकली. ते तिचं माहेर. वनरक्षक दादांना विचारलं, अंजनेरिका कुठे दिसेल? ते हसले. "दिसंल की. पण फोटो काढून जागेसकट फेसबुकवर टाकणारे आधीचे लई झाले. मॅडमला माहीत हाय, मी काय सांगत नाही."

मॅडमलाही माहीत नव्हतं. दोन तास कुणाच्या पायाखाली काही येणार नाही अशा बेताने उतारावरून फिरलो. नाही दिसली. गवतात उभं राहणारं वीतभर-हातभर रोप, फूल नसलं तर बाजूच्या चार रोपांतून ओळखू येत नाही. "म्हणूनच 2006 पर्यंत राहून गेलं असेल," मी म्हटलं. भाची चिडलेली होती, बोलली नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* शनिवार-रविवार टाळा. पायवाट सोडून पठारावर पसरू नका, खरी मंडळी पायाखालीच असतात. राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. दुर्मीळ काही दिसलं तर फोटो जरूर काढा, पण मोबाईलमधलं ठिकाण नोंदवणं आधी बंद करा. कंद उकरून नेणारे लोक खरंच असतात. आणि चिक्की आतल्या खिशात.

उतरून नाशकात मिसळ खाल्ली. काळा रस्सा, वर पापड, शेवटी दही. भाचीचा राग दुसऱ्या रश्श्यापर्यंत टिकला.

रविवार: चांदवड

आग्रा रोडने चांदवड साधारण पासष्ट किलोमीटर. अंजनेरीच्या धुक्यातून इथे आलं की आपण दुसऱ्याच महिन्यात आलोय असं वाटतं. उघडे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, मधे कांद्याच्या चाळी, वर कोरडं निळं आभाळ. पाऊस इथे येतो तो हिशेबाने. रेणुकामातेला बाहेरून हात जोडले. अहिल्याबाईंचा रंगमहाल परत येताना बघू म्हणालो, तो राहिलाच.

गुरुजी मोटारसायकलवर पुढे, आम्ही मागे. डोंगराच्या पायथ्याला एका शेताच्या बांधावर निवडुंग, बोरी आणि हिवराचं जुनं कुंपण होतं. "हितंच," ते म्हणाले. आम्हाला काही दिसेना. मग एकदम दिसली, आणि एकदा दिसल्यावर सगळीकडे दिसायला लागली. सुतळीपेक्षा बारीक वेल, काट्यांच्या आतून वर चढलेली. शेळीचं तोंड पोचत नाही तिथेच टिकलेली.

आम्ही कामाला लागलो. मी व्हर्निअर काढला, भाचीने वही, गुरुजींनी टेप धरली. दहाव्या मिनिटाला शेतातून हाक आली, "काय करू राहिले तुम्ही तिथं? मोजणीवाले का?"

नऊवारीतल्या आजी, हातात विळा. गुरुजी पुढे झाले, पण गुरुजी टेप धरून होते, त्यामुळे त्यांचा शब्द कमी पडला. रस्त्यासाठी जमीन जाणार अशी कुणकुण त्या भागात कायम असते, आणि टेप, वही, शहरी माणसं हे तिन्ही एकत्र आले की पुढे काय होतं हे आजींनी पाहिलेलं होतं. भाचीने वेल दाखवली. आजींनी बघितलं, विळा खाली केला.

"ही? खरपुडी. एवढ्यासाठी पुण्याहून आले?"

मग त्या बांधावर बसल्याच. लहानपणी शेळ्या राखताना याचा कंद उकरून खायचे. "कच्चाच. पाणी नसलं की तहान भागायची." केवढा? त्यांनी तळहात उघडा करून बोटं थोडी वळवली. एवढा, चपटा, बिबड्यासारखा. आता पोरं खात नाहीत, त्यांना कुरकुरे लागतात. पानं पूर्वी रुंद होती की अशीच, हे भाचीने दोनतीनदा विचारलं. आजींना त्या प्रश्नात काही रस वाटला नाही. पानं शेळीने बघायची, माणसाने कंद.

फूल जवळून असं आहे. लांबी माझ्या मोजमापात अडीच सेंटिमीटरच्या आत. बुडाशी फुगीर घडा, त्यावर फिकट हिरवी अरुंद नळी, वर तोंडाशी पुन्हा रुंद. तिथून पाच पाकळ्या उभ्या निघतात, पण मोकळ्या होत नाहीत. शेंड्याला एकमेकींना चिकटतात आणि मधे पाच खिडक्या सोडतात. हुबेहूब जुना रॉकेलचा कंदील, फक्त वरचा दांडा नाही. मी आयुष्यभर व्हॉल्व्ह काढले. हा एकदिशा झडपेचा नमुना आहे हे मला भाचीने सांगावं लागलं नाही: नळीच्या आत खाली वळलेले केस होते. चिलटाएवढी माशी वासाने खिडकीतून आत शिरते, केसांवरून घसरून घड्यात पडते, वर येता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात, तेव्हा सुटते. तोवर तिच्या सोंडेला परागांच्या पिवळ्या जोडगोळ्या अडकलेल्या असतात आणि ती त्या घेऊन पुढच्या कंदिलात जाऊन पडते. शहाणी होत नाही.

बहुतेक फुलांच्या पाकळ्या गडद जांभळ्या होत्या. गुरुजींच्या फोटोतल्यासारखी अख्खी हिरवी फुलं मोजून दोन वेलींवर होती. एक बोरीच्या गर्द सावलीत, दुसरी चांगल्या उन्हात. म्हणजे सावलीमुळे, असंही म्हणता येईना.

नऊ वेलींवरची एकसष्ट पानं न तोडता मोजली. मी आकडे सांगायचो, "चार पॉइंट तीन पाच." भाचीने पेन थांबवलं. "मामा, दशांश सोड. तेच पान सकाळी वेगळं भरेल. आणि व्हर्निअरने चिमटू नकोस, जखम होते त्याला." मग साधी प्लास्टिकची पट्टी वापरली. व्हर्निअर पुण्यापासून आणला तो परत पिशवीत गेला.

आजींच्या सुनेने जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेवेची भाजी, तेलात परतलेला लसणाचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांद्याच्या गावात कांदा चिरत नाहीत, हे मला नवीन होतं. निघताना जमीनमालक म्हणून आजींना विचारून फुलं असलेला एक शेंडा आणि पाच सुटी फुलं घेतली. कंदाला हात लावला नाही. भाचीचा तो नियमच आहे: वेल पुढच्या वर्षी आली पाहिजे.

*फोटोवरून वनस्पती विचारणाऱ्यांसाठी:* नुसत्या फुलाचा सुंदर फोटो पाठवू नका, तज्ज्ञ शिव्या घालतात. अख्खी वनस्पती, पान दोन्ही बाजूंनी, पान खोडाला जोडलंय तो सांधा, फूल समोरून आणि बाजूने, फळ असल्यास फळ. प्रत्येकात पट्टी दिसू द्या. आसपास काय उगवलंय, जमीन कशी, तारीख काय, हे लिहून ठेवा. फुलाचा रंग तर त्याच वेळी लिहा, कारण दाबून वाळवलं की पहिला जातो तो रंग.

रविवारची रात्र, आणि सोमवार

नाशिकच्या मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी जेवणाचं टेबल दिलं. वर्तमानपत्रांच्या घडीत शेंडा दाबला, फुलं स्पिरिटच्या बाटलीत टाकली. एक फूल ताजंच कापायचं ठरलं. भाचीने ब्लेडने घडा उभा चिरला आणि आतून एक माशी चालत बाहेर आली. काचपट्टीच्या कडेपर्यंत गेली, थांबली, पंख झाडले आणि ट्यूबलाइटकडे गेली. तिच्या सोंडेला काही चिकटलं होतं का, हे बघायचं राहून गेलं. दोघांनीही आपलं डोकं एकाच वेळी मायक्रोस्कोपवर घातलं होतं आणि टक्कर झाली होती.

घड्याच्या तळाशी खरी ओळखपरेड असते. तिथे दोन कडी असतात, एकात एक. बाहेरचं वाटीसारखं, आतलं पाच उभ्या पट्ट्यांचं. वाटीच्या कडेला खाच किती खोल, तिच्यावर केस आहेत का, पट्ट्या वाटीच्या किती पट उंच, शेंड्याला सरळ की वळलेल्या: खरपुडीच्या जाती बऱ्याचदा इथे वेगळ्या होतात. पानावर, रंगावर भाळणारा फसतो. मी जांभळ्या आणि हिरव्या दोन्ही फुलांची कडी एकाच मापाने काढली. ट्रेसिंग पेपर एकमेकांवर ठेवले. रेघेवर रेघ बसली.

"गेलं," भाची म्हणाली.

पानांचं राहिलं होतं. तेवढ्यात तिने मला जुनी गोष्ट सांगितली. बल्बोसा ही जाती रॉक्सबर्ग यांनी 1795 मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींमध्ये दिली. पुढे पश्चिम भारतातली अरुंद पानांची वेल वेगळी दिसली म्हणून तिला लश नावाच्या डॉक्टरांवरून सेरोपेजिया लशाय असं स्वतंत्र नाव मिळालं. नंतरच्यांनी तिला बल्बोसाचा नुसता प्रकार ठरवलं, आणि काहींना तर तोही वेगळा मानायला नको वाटतो. "हे तुला आधीपासून माहीत होतं?" "पानाचं होतं. मी आले ते रंगासाठी."

मला मात्र स्वतःला पटवायचं होतं. एकसष्ट पानांच्या रुंद्या आलेखाच्या कागदावर मांडल्या. सर्वांत अरुंद 4 मिलिमीटर, सर्वांत रुंद 26. दोन जाती असत्या तर दोन टेकड्या आणि मधे दरी दिसायला हवी होती. दरी नव्हती. अरुंद बाजूला दाटी, मग विरळ होत जाणारी एकच लांब सोंड, आणि 9, 12, 15 वर सगळीकडे कुणी ना कुणी बसलेलं.

शॉप फ्लोअरवर असा आलेख आला असता तर अख्खा लॉट परत गेला असता. आमच्याकडे टॉलरन्स म्हणजे चूक किती चालवून घ्यायची याची मर्यादा. जातीच्या वर्णनात लिहितात ना, पान 2 ते 8 सेंटिमीटर लांब, ते मी आजवर टॉलरन्ससारखंच वाचत आलो होतो. पण इथे मधलं माप बरोबर आणि कडेचं चुकलेलं, असं नाहीच. 4 वालं पानही पास, 26 वालंही पास. नवीन जाती म्हणायला एखादं माप बाहेर गेलेलं पुरत नाही. दोनचार लक्षणं एकदम बाहेर गेलेली हवीत, दरवेळी एकत्र, आणि मधे कुणी नको.

हे मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितलं. ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती.

सोमवारी परतलो. संगमनेरच्या पुढे टायर बसला, त्यात दोन तास.

शेपूट: पुढचा आठवडा

आधी कळवून, वेळ घेऊन भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात गेलो. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांसारखा वास आणि एकदम शांतता. भाचीने बल्बोसाचं फोल्डर मागितलं. जाड कागदांवर चिकटवलेल्या वेली, कोपऱ्यात चिठ्ठी: कुणी, कुठे, कधी. फुलं सगळी चहाच्या रंगाची झालेली. एका कागदावर अरुंद पानांची वेल, खालच्यावर रुंद, मग दोन्हींच्या मधली. काही चिठ्ठ्यांवर आधीचं नाव तसंच ठेवून खाली दुसऱ्या अक्षरात नवं नाव, तारखेसह. खोडलेलं काही नाही. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही रिव्हिजन अशीच लिहायचो, त्यामुळे मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं.

भाचीने आमचा शेंडा रीतसर जमा करायला दिला. चिठ्ठीवर पाकळ्यांचा रंग आठवणीने लिहिला: जांभळ्या, दोन वेलींवर हिरव्या.

चित्र मी पुरं केलं. तिला ते वर्गात लावायचंय. डावीकडे वेलीचा शेंडा, उजवीकडे उभं चिरलेलं फूल, त्याखाली दोन कडी दहापट मोठी करून, आणि तळाला सात पानं अरुंदापासून रुंदापर्यंत ओळीने, प्रत्येकाशेजारी मापाची रेघ. छाया रेघांनी नाही, ठिपक्यांनी. 0.1 च्या पेनाने एका फुलाला दोन संध्याकाळी लागतात आणि मान धरते.

वेलीच्या बुडाशी, जमिनीखाली, कागद कोरा आहे. मी कंद काढायला निघालो होतो, भाचीने हात धरला. जो पाहिला नाही तो काढायचा नाही. आजींनी तळहाताने दाखवलेला आकार तेवढा माझ्या वहीत पेन्सिलीने आहे, माप न लिहिता.